मांडूची अमावस्या, मृग नक्षत्र आणि पन्नासची लेन्स

भाच्याच्या दुर्बिणीचं खोकं दिवाळीपासून इंदूरच्या टिळकनगरातल्या आमच्या माळ्यावर पडून आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५२५ पट’ असं छापलंय. अकरावीतल्या पोरानं साठवलेले सगळे पैसे त्यात घातले, आणि तिची तिपाई इतकी लटपटती निघाली की डोळा लावायचा अवकाश, चंद्र थरथरत चौकटीबाहेर जायचा. ७६ मिलिमीटर तोंडाच्या दुर्बिणीतून दीडशे पटींच्या पुढे नवीन काही दिसतच नाही, चित्र नुसतं मोठं आणि धूसर होतं. हे त्याला आधी सांगणारं कोणी नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. त्याला आकाशाचे फोटो काढायचे होते. मी म्हटलं, माझा जुना निकॉन डी५३०० घेऊ, पन्नास मिलिमीटरची लेन्स घेऊ आणि अमावस्येला धारजवळच्या मांडूला जाऊ. दुर्बिणीचं नंतर बघू.

अमावस्या मार्गशीर्षातली धरली. (शेजारच्या हिंदी पंचांगात तीच पौष अमावस्या असते, त्यामुळे इंदूरमध्ये कोणाशी तारीख ठरवायची तर इंग्रजी तारखेनंच ठरवा.) डिसेंबरच्या उत्तरार्धात मृग नक्षत्र संध्याकाळी उगवून मध्यरात्रीच्या सुमारास डोक्याकडे येतं, आणि सुरुवात करायला मृगातल्या तेजोमेघाइतकं (वायू-धुळीच्या चमकत्या ढगाइतकं) उदार दुसरं काही नाही.

इंदूरहून बेटमा, घाटाबिल्लोद, लेबड, धार असं साधारण शंभर किलोमीटर होतं. आम्ही दुपारी अडीचला निघालो. उजेडात पोचणं महत्त्वाचं आहे, कारण जागा दिवसा बघून ठेवावी लागते. रूपमती मंडप सूर्यास्ताला बंद होतो आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिपाई लावायला परवानगी लागते, तेव्हा महालावर ताऱ्यांचा फोटो काढायचं मनात असेल तर अर्ज आधी करा. आम्ही तो नाद केला नाही. गावाच्या कडेला, गोरखचिंचेच्या एका झाडाजवळ शेत होतं. लॉजवाल्या काकांनी शेतमालकाला विचारून दिलं आणि त्यांचा मुलगा सोबत आला. अनोळखी शेतात रात्री दिवे घेऊन फिरणारी माणसं गावाला खटकतात, ते साहजिकच आहे. स्थानिक माणूस बरोबर असला की कोणी अडवत नाही. लॉजवर राहून गच्चीवरूनच काढणार असाल तर खोली घेतानाच आवारातला हॅलोजन बंद करतील का ते विचारा. रात्री अकराला उठवून विचारलं तर कोण करणार?

सात वाजता अंधार पुरता पडला. कृत्तिकांचे सात तारे भाच्यानं मोजून दाखवले. टिळकनगरच्या गच्चीवरून तीन-चार दिसले तरी आम्ही खूश असतो. उत्तरेला धारचा आणि ईशान्येला पीथमपूर-इंदूरचा पिवळा उजेड क्षितिजावर होता, पण दक्षिणेची बाजू काळी होती. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. मोबाइल एकदा उघडला की ती सगळी वाया. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद रबरबँडनं बांधून न्या.

पहिले फोटो कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सनं, १८ मिलिमीटरवर काढले, झाडाची फांदी खाली ठेवून. पृथ्वी फिरते म्हणून शटरची उघडझाप लांबली की तारे रेघा होतात. साधा हिशेब असा: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं, आणि लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर आधी लेन्सला दीडनं गुणायचं. १८ चे झाले २७, म्हणजे अठरा सेकंद. आम्ही पंधरा ठेवले, एफ/३.५ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितका उजेड जास्त), आयएसओ ३२०० (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते). पन्नासच्या लेन्सला हाच हिशेब साडेसहा सेकंद देतो, पण फोटो मोठा करून पाहिला तर तारे लांबट दिसले. चार सेकंदांवर ठीक आले.

इथे खरेदीबद्दल बोलते, कारण याच जागी पैसा चुकतो. तुमच्याकडे कुठलाही जुना डीएसएलआर किंवा मिररलेस असेल तर तोच वापरा. सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच झाकण लावून तीस सेकंदांचा एक फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून लाल-निळे ठिपके किती पेटलेत ते पाहा. थोडे सगळ्यांतच असतात. पन्नास मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स कुठल्याही कंपनीची स्वस्तातली असते, आणि किट लेन्सच्या एफ/३.५ पेक्षा जवळजवळ चौपट उजेड आत घेते. तिचं तोंड एफ/२.८ पर्यंत लहान केलं की फोटोच्या कडेच्या ताऱ्यांना फुटणारे पंख जातात. आम्ही तसंच केलं. तिपाई मात्र जड घ्या, मधला दांडा वर न काढता वापरा. अंतराअंतरानं आपोआप फोटो काढणारा वायरचा रिमोट मी हजाराच्या आत घेतला. पण डी५३०० मध्ये ती सोय आतच आहे हे मला नंतर कळलं, तेव्हा आपल्या कॅमेऱ्याचा मेनू आधी नीट वाचा. कॅमेरा नसेल तर मोबाइल तिपाईवर लावून प्रो मोडमध्ये दहा-पंधरा सेकंद द्या. मृगाची आकृती स्वच्छ येते.

फोकस व्याध या तेजस्वी ताऱ्यावर केला. स्वयंचलित फोकस बंद, लेन्समधलं कंपन रोखणारं बटण असेल तर तेही बंद, पडद्यावर व्याध दहापट मोठा केला आणि ठिपका सगळ्यांत बारीक होईपर्यंत कडं हळूहळू फिरवलं. मग कड्यावर चिकटपट्टी. ही पट्टी विसरू नका. आमची पहिली चाळीस चित्रं कड्याला धक्का लागल्यामुळे गेली.

अकरानंतर मृग वर आल्यावर कॅमेरा त्याच्या पोटातल्या बाणाकडे वळवला. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली अंधुक ठिपका दिसतो, तोच तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा. पहिल्याच चार सेकंदांच्या फोटोत तो गुलाबीसर आला. भाचा ओरडला, “मावशी, अगं, रंग आहे त्याला!” माझ्याही अंगावर काटा आला. नुसत्या डोळ्यांना तो राखाडीच दिसतो.

रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल), आयएसओ १६००, चार सेकंद, तीनशे फोटो, असं लावून दर दहा मिनिटांनी मृग पुन्हा मध्यावर आणत बसलो. साडेबाराला पाहिलं तर तारे फुगलेले. दरीतून वर आलेली ओल लेन्सच्या काचेवर बसली होती. कापडानं पुसलं तर पाचच मिनिटांत पुन्हा तेच. शेवटी भाच्यानं पायातला मोजा काढून लेन्सवर चढवला आणि मी हात गरम ठेवायची पुडी त्यात खोचली, तेव्हा काच कोरडी राहिली. मांडूला हिवाळ्यात जाताना हे आधीपासून लावूनच बसा. पॉवर बँकेवर चालणारा लेन्सचा गरम पट्टाही मिळतो, मी आता तो मागवलाय. थंडीत बॅटरीही लवकर उतरते, जादाची बॅटरी खिशात, अंगाजवळ ठेवा.

निघण्याआधी झाकण लावून त्याच आयएसओवर, तेवढ्याच सेकंदांचे वीस काळे फोटो घेतले. सेन्सरचा स्वतःचा गोंधळ त्यांच्यावरून वजा करता येतो. ते त्याच थंडीत घ्यावे लागतात, घरी येऊन घेतलेले उपयोगाचे नाहीत.

तीनशेतले १७० फोटो चांगले निघाले, म्हणजे अकरा मिनिटं वीस सेकंदांचा उजेड. सीक्वेटर या फुकट प्रोग्रॅममध्ये ते एकावर एक रचले. शंभर फोटो रचले की दाणेदारपणा दहापटीनं उतरतो, आणि एका फोटोत नव्हते ते तेजोमेघाचे पंख वर येतात. बाणाच्या टोकाजवळचा लाल पट्टा मात्र जेमतेमच उमटला. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश साध्या कॅमेऱ्यातली गाळणी बराचसा अडवते. ती गाळणी काढून घेण्याची घाई पहिल्या वर्षी करू नका.

पुढचा खर्च कशावर, असं भाचा विचारतोय. माझं ठाम मत आहे, ट्रॅकरवर. स्टार ॲडव्हेंचररसारखा छोटा ट्रॅकर कॅमेऱ्याला आकाशाबरोबर फिरवतो आणि चार सेकंदांची उघडझाप दोन मिनिटांपर्यंत नेता येते. तो आधी ध्रुवताऱ्याकडे रोखून लावावा लागतो. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम बावीस अंश वर असतो, म्हणून उत्तरेला झाड किंवा भिंत नसलेली जागा शोधून ठेवा. दुर्बीण त्याच्याही नंतर.

सकाळी दाल-पानिये खाऊन परतलो. माघ अमावस्येला पुन्हा जाणार आहोत. तेव्हा पहाटे चारनंतर आग्नेयेला आकाशगंगेचा गाभा उगवलेला असेल, आणि त्या शेताची आग्नेय बाजू मोकळी आहे हे आम्ही दिवसा बघून ठेवलंय.