खोक्यातलं मशीन

मार्च लागला की मला अजून नीट झोप लागत नाही. रिटायर होऊन ४ वर्षं झाली, तरी कोटेशनं, सह्या आणि सामानाच्या नोंदीचं डेड स्टॉक रजिस्टर डोळ्यांपुढं नाचतंच. कोल्हापुरातल्या एका अनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात ३१ वर्षं वर्कशॉप सांभाळलं मी.

परवा पुतण्याची पोरगी आली. बारावी झालीय, मेकॅनिकल करायचं म्हणते. "आजोबा, कॉलेज कुठलं बघू?" २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी सरकार पूर्ण भरतं, त्यामुळं घरात खाजगी-सरकारी हा वाद आता मिटलाय. तसंही १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांचं दार उघडलं, तेव्हापासून तिथं सरकारचा पैसा बराचसा पोरांच्या फीच्या वाटेनंच येतो. तो पगारात जातो. लेथला, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनला, थंड ठेवणाऱ्या कूलंटला काय उरतं, ते ज्यानं त्यानं बघावं.

तिला मी आमच्या खोक्याची गोष्ट सांगितली.

एका वर्षी फेब्रुवारीत ग्रँट आली. ३१ मार्चच्या आत संपवायची, नाहीतर परत. धावपळ करून सीएनसी ट्रेनर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं शिकवायचं मशीन, मागवला. आला तो फळ्यांच्या खोक्यात, आत निळं प्लॅस्टिक. आणि खोलीत थ्री फेज नाही! वायरिंगचा खर्च बजेटातल्या दुसऱ्या हेडाखाली, त्या हेडात शिल्लक शून्य. पैसा वापरला असं सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र मात्र मार्चमध्येच गेलं. तपासणीला माणसं आली, तेव्हा पुढच्या चार फळ्या काढून फोटो काढले आणि फळ्या परत ठोकल्या. त्या मी स्वतः ठोकल्या, कुणाला नावं ठेवू? ११ महिने पोरं त्या खोक्यावर बसून डबा खात होती. उघडलं तेव्हा झाकणावर लोणच्याच्या तेलाचा डाग होता आणि वॉरंटी एक महिना उरली होती.

मशीनला पैसा मिळतो हो. दुसऱ्या दिवसापासून ते चालवायला मिळत नाही. कापायची पाती म्हणजे टूल इन्सर्ट संपली, बेल्ट तुटला, की "पुढच्या बजेटात बघू".

मग नवे प्राचार्य आले. पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये स्टूल ओढून बसले आणि विचारलं, "शेलार... नाही, तुम्ही साळोखे ना? ह्या मशीनच्या दुरुस्तीचा पैसा कुठून येतो?" ३१ वर्षांत हा प्रश्न मला विचारणारा पहिला साहेब. जागतिक बँकेच्या मदतीनं २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या, इंजिनिअरिंग कॉलेजं सुधारायच्या टेक्विप योजनेत कॉलेजांनी चार निधी उभे करायचे होते. राखीव, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा, उपकरणं बदलण्याचा आणि देखभालीचा. आम्ही त्या योजनेत नव्हतो, पण साहेबांनी कल्पना तिथलीच उचलली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फौंड्रीवाल्यांची, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्यांची, वाळू आणि कास्टिंगची हार्डनेस आमच्या लॅबमध्ये तपासायची, त्याची फी घ्यायची आणि ती जनरल खात्यात न मिसळता देखभालीच्या वेगळ्या खात्यात टाकायची. अकाउंट्सनं सहा महिने फाईल फिरवली. साहेब रोज चहाच्या वेळी त्या टेबलापाशी जाऊन उभे राहायचे, एक शब्द न बोलता. शेवटी सही झाली. फौंड्रीवाले मग आमच्या पोरांना ट्रेनिंगलाही न्यायला लागले, ते वेगळंच.

पोरगी म्हणाली, "पण आजोबा, मला हे बाहेरून कसं कळणार?"

म्हटलं, सेमिनार हॉल बघू नकोस. वर्कशॉपमध्ये जा आणि लेथखालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा कीस आहे का, ते बघ.

काल एका कॉलेजातून तिचा फोन आला. "आजोबा, कीस आहे. पण गंजलेला."

"मग पुढचं बघ," म्हटलं.