तांबे नाणे, १ नग

पावती दुकानातच वाचा, घरी आल्यावर नको. माझ्या पावतीवर होतं 'तांबे नाणे, १ नग'. तोंडी मात्र ते 'ओरिजिनल महाराजांच्या काळातलं' होतं आणि किंमत १,४०० रुपये. नाण्यांसाठी मी महिन्याला ३०० बाजूला काढतो. म्हणजे जवळजवळ पाच महिने एका प्रदर्शनात, एका दुपारी उडाले.

तोवर बरं चाललं होतं. आजीच्या डब्यात १९४३ ते ४७ चे भोकाचे पैसे निघाले, षटकोनी तीन पैसे आणि कमळाचे पितळी वीस पैसे दहा-वीस रुपयांत मिळाले. मग शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, हवीशी वाटू लागली.

मला माहिती काय, तर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', आणि सुरुवात १६७४ च्या राज्याभिषेकापासून. हीच अक्षरं पेशवाईतही पाडली जात होती, हे कुठे ठाऊक होतं! त्यात ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे सगळी अक्षरं नाण्यावर येतच नाहीत. माझ्या नाण्यावर 'छत्र' अर्धं, 'पति' पूर्ण आणि मधे दोन आडव्या रेघा. त्या मला नक्षी वाटल्या. त्याच दांड्या, म्हणून ही पेशवाईतली दुदांडी शिवराई. ही ढिगानं मिळते.

हे कळलं ओळखीच्या सराफाकडे. त्यानं काट्यावर ठेवलं: ८.३ ग्रॅम. महाराजांच्या काळची शिवराई अकराच्या पुढे भरते. झिजून झिजून झिजणार किती?

विक्रेत्याला फोन केला. "शनिवारी या, साहेब." शनिवारी गेलो तर शटर बंद. पुढच्या वेळी म्हणाला, "तुम्ही नाणं बदलून तर आणलं नाही ना?" हे फार लागलं. तिसऱ्यांदा वजनाचा विषय काढला तर म्हणे, "साहेब, त्या काळी कुठे काटे होते?" टाकसाळीत काटे नव्हते तर कुठे होते, हे उत्तर मला परतीच्या बसमध्ये सुचलं. आणि पावती दाखवली की तो शांतपणे बोट ठेवायचा: तांबे आहे, नाणे आहे, एक नगही आहे. काय बोलणार! चार महिने असेच गेले. प्रत्येक खेपेला अर्धी रजा आणि बसभाडं वेगळंच.

शेवटी म्हणाला, पैसे मिळणार नाहीत, बदल्यात काहीतरी घ्या. तोवर मी ४०० रुपयांचा खिशात मावणारा काटा घेतला होता (तो नाण्यांच्या आधी घ्यायचा असतो). त्याच्याच काउंटरवर दोन तास बसून एकेक नाणं तोललं. पंचम जॉर्जचा चांदीचा बंदा रुपया ११.६ भरला, जो ११.६६ असायला हवा. तो घेतला, शिवाय १९४७ चा वाघाचा निकेलचा रुपया आणि ईस्ट इंडिया कंपनीचे १८३५ चे दोन पाव आणे. चांदीला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून मी ते बंद्या रुपयाला लावून पाहिलं तेव्हा विक्रेत्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. निकेलच्या रुपयाला ते चिकटणारच, तिथे घाबरू नका.

पुढे मी एक दुदांडी पुण्याच्या जुन्या बाजारात ८० रुपयांत घेतली, 'छत्र' स्वच्छ असलेली. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. ती घरी आणली आणि आईनं प्रेमानं चिंच लावून घासली. अडीचशे वर्षांची तपकिरी झिलई गेली, आता ती नव्या तांब्यासारखी लखलखते. नाणी धुवायची नाहीत हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त अल्बममध्येही ठेवू नका, तांबं हिरवं पडतं.

यंदा पुन्हा त्याच प्रदर्शनात गेलो. त्याच्या तबकात अर्धं 'छत्र', पूर्ण 'पति' आणि दोन दांड्या. चिठ्ठी: 'शिवकालीन, १,६००'. एक कॉलेजातला मुलगा ती उलटसुलट करून बघत होता. त्याच्यापुढे मी काटा सरकवला.