नौपाडा-चेंदणीतल्या गल्लीसाठी हरकत लिहिताना

जुन्या ठाण्यात रस्ता रुंद होणार अशी कुणकुण लागली की चाळीत पहिली निघते ती सह्यांची मोहीम. पण एकाच मजकुराची तीनशे पत्रं सुनावणीत एका झटक्यात निकाली निघू शकतात. मोजमापासह दिलेल्या हरकतीला उत्तर द्यावं लागतं.

नकाशावरची रेषा कुठून आली ते आधी शोधा. प्रारूप (अजून मंजूर न झालेल्या) विकास आराखड्यातला रस्ता असेल तर हरकत एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ च्या कलम २६ खाली जाते. पालिकेनं ठरवलेली रस्तारेषा, म्हणजे रस्त्याच्या कडेची हद्द, असेल तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम २१०. तिथे आधीची रेषा बदलायला महासभेची मंजुरी लागते. अर्जात कलम चुकलं तर मुद्दा खरा असूनही बाजूला पडू शकतो.

मग भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या भागापुरता नकाशा) काढा आणि प्रॉपर्टी कार्डावरचा सिटी सर्व्हे नंबर त्याच्याशी जुळवा. जुन्या भागात घर एक आणि नंबर दोन, किंवा कार्डावर अजून आजोबांचंच नाव, हे सर्रास आढळतं. वारसनोंद राहिली असेल तर आजच अर्ज करा. पागडीच्या भाडेकरूंनी मालकावर विसंबू नये. भाडेपावती जोडून स्वतःची वेगळी हरकत द्यावी.

गल्ली तीन जागी मोजा: तोंडाशी, मध्ये आणि सर्वांत अरुंद ठिकाणी. समजा ती सहा मीटर आहे आणि नऊची करायची आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर. कागदावर हे किरकोळ दिसतं. पण त्याच दीड मीटरात ओटा असतो, जिना असतो, विजेचे मीटर आणि गटारही असतं. दहा फूट लांबीच्या खोलीतली निम्मी जागा जाते. भिंती सामाईक आणि तुळया लाकडी असतील तर पुढचा भाग कापताना शेजारच्या घराचाही आधार सुटतो. म्हणून जाणाऱ्या भागात काय काय आहे त्याचं मापांसह रेखाचित्र जोडा.

अग्निशमनाची गाडी आत यायला हवी, हा पालिकेचा मुद्दा रास्त आहे, तो नाकारू नका. पण रुंदीकरण गल्लीच्या पूर्ण लांबीवर झालं तरच गाडी आत येते. इमारत पुनर्विकासाला जाईल तेव्हाच ती मागे सरणार असेल, तर वर्षानुवर्षं रस्ता दातेरीच राहतो आणि त्या खाचांत स्कूटर उभ्या राहतात. तेव्हा टप्पे आणि मुदत लेखी मागा. शिवाय तोवरची सोय म्हणून हायड्रंट (आग विझवण्यासाठीचे पाण्याचे नळ) आणि एका बाजूला पार्किंगबंदी सुचवा.

चेंदणी कोळीवाड्याचं दुखणं निराळं आहे. मासळी वाळवायची, जाळी पसरायची जागा सगळ्यांची, म्हणून कार्डावर ती कुणा एकाची नसते आणि नकाशात मोकळी दिसते. मोकळी दिसली की आराखड्यात तिच्यावर सार्वजनिक कामाचं आरक्षण टाकणं सोपं होतं. जागेचा रोजचा वापर तारखांसह फोटोंत दाखवा, विद्यमान भूवापर नकाशात (आज कोणती जागा कशासाठी वापरली जाते ते दाखवणाऱ्या नकाशात) दुरुस्ती मागा आणि कोळीवाड्याच्या सीमांकनाची मागणी त्याच पत्रात घाला. आळीचा मंडप, होळीची जागा, पालखीचा मार्ग हेही नकाशावर खुणा करून दाखवा, नुसतं ‘परंपरा’ लिहून भागत नाही.

हरकत दोन प्रतींत द्या, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. सुनावणीला मूळ कार्ड, भाडेपावत्या आणि तेच रेखाचित्र न्या. बोलायला वेळ थोडा मिळतो, म्हणून मापं पहिल्याच वाक्यात सांगा.