शेवटच्या पानावरचा शिक्का

वाचनालयात पुस्तक दाखल झालं की आम्ही तीन ठिकाणी शिक्का मारतो: नामपृष्ठावर, ठरलेल्या एका गुप्त पानावर आणि शेवटच्या छापील पानावर. कुणी कव्हर आणि नामपृष्ठ फाडून पुस्तक रद्दीत विकलं, तरी गुप्त पानावरून ते आमचंच ठरतं. शेवटच्या शिक्क्याचं मोल मात्र मला यंदाच्या मार्चमध्ये कळलं.

पुस्तक पडताळणी चालू होती. बहुतेक ठिकाणी पडताळणी म्हणजे दाखल क्रमांक वाचायचा, नोंदवहीत खूण करायची आणि पुढचं पुस्तक उचलायचं. पुस्तक कपाटात आहे एवढं समितीला पुरतं. ते पुरं आहे का, हे कुणी विचारत नाही. मी प्रत्येक पुस्तक मागून उघडते, वेळ लागतो म्हणून सहकारी वैतागतात. फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाच्या कादंबरी-त्रयीचा तिसरा खंड, ‘द अँबर स्पायग्लास’, तसाच मागून उघडला. अर्धं पान मजकूर, खाली कोरी जागा आणि लगेच मागचं कव्हर. शिक्का नाही.

३५वं प्रकरण तिथे संपत होतं. पुस्तकात ३८ आहेत.

जाड पेपरबॅकचं हे दुखणं जुनंच आहे. त्यात जुजबंदी, म्हणजे पानांच्या घड्या दोऱ्याने एकत्र गुंफणारी, शिवण नसते. फर्म्यांची, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदांची, घडी कापून सुटी पानं नुसत्या सरसावर धरलेली असतात. दोन उन्हाळे गेले की सरस तडकतो आणि पानं गठ्ठ्याने निसटतात. टोचा मारून, म्हणजे कडेने भोकं पाडून दोऱ्याने शिवून, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीने अस्तर चिकटवलं असतं, तर हेच पुस्तक वीस वर्षं टिकलं असतं. पाठ सैल झालेली मी पाहिली होती. आत ‘बांधणीला’ अशी चिठ्ठीही घातली होती. पण बांधणीचे पैसे संपले होते, आणि मागणी आहे म्हणून मी ते पुन्हा देवघेवीत लावलं. ही चूक माझीच.

मग तारखांची पट्टी पाहिली आणि पोटात गोळा आला. चिठ्ठीनंतर पहिली नेणारी आमची दहावीतली वाचक होती. मे महिन्यात तिने तिन्ही खंड संपवले होते. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ती चाळीस मुलांसमोर उभी राहून याच पुस्तकावर बोलली होती. शेवट इतका पुरा आहे की आता चौथा भाग नकोच, असं म्हणाली होती. मी टाळ्या वाजवल्या होत्या. वेगवेगळ्या जगांतले लायरा आणि विल एकमेकांच्या प्रेमात पडले, जगांतून वाहून जाणारी ‘डस्ट’, म्हणजे जाणिवेशी जोडलेली अद्भुत धूळ, थांबली, एवढंच ती बोलली होती. मला वाटलं, पुढचं इतरांसाठी राखून ठेवतेय. तिचं ऐकून आणखी तिघांनी ते नेलं. एकानेही तक्रार केली नाही.

पुढच्या तीन प्रकरणांत काय आहे? दुसऱ्याच्या जगात माणूस दहाएक वर्षांपलीकडे जगत नाही. जगांमधल्या खिडक्या बंद करायलाच हव्यात. एकच उघडी ठेवता येईल, आणि ती मृतांसाठी लागणार आहे. म्हणून ती दोघं कायमची दुरावतात. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातल्या एका बाकावर, वर्षातून एकदा, भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी, दोघं आपापल्या जगात तासभर बसणार. याच शेवटासाठी मी ही मालिका समितीशी भांडून बालविभागात ठेवली. या खंडाला मिळालेलं २००१ सालचं व्हिटब्रेड या ब्रिटिश साहित्य-पुरस्काराचं ‘वर्षातलं पुस्तक’ पारितोषिक त्याआधी मुलांच्या पुस्तकाला कधीच मिळालं नव्हतं, हेही मीच त्यांना ऐकवलं होतं.

आठवडाभर ठरेना. तिची बोर्डाची परीक्षा चालू होती. ज्या शेवटावर ती इतकी खूश होती तो काढून घ्यायचा का, असंही वाटलं. पण अपुरं पुस्तक हातात देणं ही तर माझ्या कामातली सगळ्यात मोठी फसवणूक. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दुसरी प्रत आणली, पानं मोजली, दाखल केली.

शेवटचा पेपर झाल्यावर ती आली. मी सगळं सांगितलं. ती काही न बोलता प्रत घेऊन खिडकीजवळ बसली. दीड तास. मध्ये एकदा मागची पानं बोटांनी चाळून किती उरलीत ते पाहिलं, आणि पुन्हा मागे येऊन वाचू लागली.

टेबलाशी आली तेव्हा डोळे लाल होते.

“काकू, मी सगळ्यांना चुकीचं सांगितलं.”

“तुझ्या हातात होतं तेवढंच सांगितलंस.”

“पण मला खटकलंच नाही. का नाही खटकलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तिने शेवटचं पान उघडून शिक्क्यावर बोट ठेवलं, आणि मग विचारलं, “त्या तिघांना सांगितलंत?”

नव्हतं सांगितलं. तिच्यासमोरच फोन लावले. दोघं शनिवारी येतो म्हणाले. तिसऱ्याच्या आईने उचलला. तो क्लासला गेला होता.

“मी सांगते त्याला, आमच्याच गल्लीत राहतो,” म्हणाली, आणि पुस्तक त्याच्या नावावर लावायला सांगून बरोबर घेऊन गेली.