पित्त नव्हतं ते

दोन वर्षं अंगावर गांधी उठायच्या. संध्याकाळी रंकाळ्यावरून फिरून आले की आधी मनगटाला खाज, मग पोटावर लाल, रुपयाएवढ्या फुगवट्या. सकाळी मागमूस नाही. सासूबाई आमसुलाचं पाणी चोळायच्या. वांगं बंद, तांबडा रस्सा बंद. तरी पित्त हटेना.

शेवटी राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडमधल्या टीपीओ या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी, भरपूर वाढलेली. निदान झालं हाशिमोटो, थायरॉइडवर शरीराचाच हल्ला. आयजीईही जास्त. ही अ‍ॅलर्जीची अँटीबॉडी, इशिझाका दांपत्याने १९६६ साली ओळखलेली. मला वाटलं, धुळीची अ‍ॅलर्जी. पण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं: काही रुग्णांत आयजीई थायरॉइडच्या टीपीओविरुद्धच तयार होते, त्वचेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते, टीपीओ भेटलं की पेशी खाज-सूज आणणारं हिस्टॅमिन सोडतात आणि गांधी उठते. माझ्यात तेच होतंय का, हे नेहमीच्या तपासणीत कळत नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

बायांनो, सहा-सहा आठवडे पित्त उठत असेल तर थायरॉइड तपासून घ्या, कळकळीनं सांगते.

आता पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिन, रात्री अ‍ॅलर्जीची गोळी. परवा रस्सा केला. सासूबाईंनी वाढताना आधी माझं मनगट उलटं करून बघितलं.