हाई चाक फिरस नही का रे?

मंगळवार, रात्री सव्वाबारा, गच्चीवर

शनिवारपासून एकच गोष्ट डोक्यात आहे आणि ती कुणाला सांगावी एवढी मोठीही नाही. जळगावच्या दुकानात मी एका चाकावर हात ठेवला आणि ते फिरत नव्हतं. बस, एवढंच.

पण चार दिवस झाले, जात नाही. म्हणून आज लिहूनच काढतो.

दुकानातल्या मुलानं डीजेचा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपमधली गाणी हातानं चालवायचं दोन चाकांचं यंत्र, लॅपटॉपला जोडला, गाणं सुरू केलं, "बघा ना काका, हात लावून बघा," म्हणाला आणि बाजूला सरकला. मी डावा तळवा चाकावर टेकवला. गाणं थांबलं. थांबायलाच हवं, वरून हात लागला की थांबायचं हे त्याचं कामच. पण तळव्याला काही कळलंच नाही. हात उचलला, गाणं पुढे निघालं, चाक जागच्या जागी. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. मुलगा फार अदबीनं सांगत होता, "वरून धरलं की थांबतं, कडेनं ढकललं की जरा पुढे-मागे सरकतं." मी म्हटलं, "हो, माहीत आहे." माहीत होतंच. आठ दिवस व्हिडिओ बघून गेलो होतो.

रेकॉर्डवर हात ठेवला तर रेकॉर्ड थांबते, पण खालची थाळी थांबत नाही. मधली लोकरीची चकती घासत राहते आणि ते घासणं हाताला लागतं. हात म्हणतो थांब, मोटर म्हणते चल. त्या ओढीवरच तर मी सगळं शिकलो. गाणं कुठे सोडायचं ते कान ठरवायचा, पण सोडायच्या क्षणी बोटांना ती ओढ आधीच लागलेली असायची. सोडलं की गेलं. दुकानात मी हात उचलला तेव्हा काही सुटलंच नाही.

माझी टर्नटेबलांची जोडी टेक्निक्सची, एसएल-१२०० एमके२. पहिलं एसएल-१२०० आलं १९७२ मध्ये, एमके२ १९७९ मध्ये. बटण दाबल्यावर ०.७ सेकंदात थाळी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग धरते. एक फेरा १.८ सेकंदांचा. म्हणजे गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं असेल तर एका फेऱ्यात बरोबर तीन ठोके, आणि १३३ च्या किंचित वरचं असेल तर चार. हे कुणी शिकवलं नाही. रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर कागदाचा चिटोरा चिकटवायचो आणि बघत बसायचो. एखादं गाणं असं सापडायचं की ठोका पडताना चिटोरा दर वेळी त्याच चार जागी दिसायचा: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. तसं गाणं सापडलं की दिवस चांगला जायचा.

थाळीच्या कडेला ठिपक्यांच्या चार ओळी आहेत आणि शेजारी लाल दिवा. वेग बरोबर असला की त्या उजेडात मोठ्या ठिपक्यांची ओळ उभी राहते. थाळी गरगर फिरतेय आणि ठिपके स्तब्ध. धाकटी लहान असताना ते ठिपके बोटानं टिपायला बघायची.

हे सगळं त्या मुलाला सांगावंसं वाटत होतं. नाही सांगितलं. "कळवतो," म्हणून बाहेर आलो, उसाचा रस प्यायलो आणि उन्हातून बसस्टँडपर्यंत चालत गेलो. रिक्षा करायचंही सुचलं नाही.

बसमध्ये फार वाईट वाटत होतं. आपल्या हातात एक विद्या आहे असं इतकी वर्षं मनात धरून होतो. दुसरं काही जमलं नाही, निदान हे तरी. पुण्याहून परत आलो तेव्हा सगळं सोडून आलो, ही दोन यंत्रं आणली. एकेक साडेबारा किलोचं, मांडीवर घेऊन. आणि आता एक बटण आहे, सिंक नावाचं. ते दाबलं की दोन गाण्यांचे ठोके आपसूक जुळतात. मला जे यायला तीन वर्षं लागली ते. मग माझ्या हाताचं काय करायचं? पारोळ्यापर्यंतच्या सगळ्या शेतांकडे मी याच प्रश्नानं बघत होतो, असं आज आठवतंय.

पुण्याचं आज लिहीत नाही.

खरं तर मला कंट्रोलर घ्यायची गरज पडली नसती. पण थोरलीनं हट्ट धरलाय, "बाबा, माझ्या हळदीला बाहेरचा डीजे आणायचा नाही. तुम्हीच वाजवायचं." आणि वाजवायचं काय? तिची सगळी यादी अहिराणी गाण्यांची. ती गाणी मोबाइलवर जन्मली, मोबाइलवरच मोठी झाली, त्यांची रेकॉर्ड कुठून आणू? माझ्या पेटीतल्या रेकॉर्डवर आमच्या बोलीतला एक शब्द नाही. इतकी वर्षं हे मला खुपलं कसं नाही, कोण जाणे. परक्यांच्या नाचासाठी हात तयार केला आणि पोरगी आपल्या बोलीत नाचायचं म्हणतेय तर माझ्याकडे तिला द्यायला काही नाही.

शिवाय अंगणात, फळ्यांच्या स्टेजवर सुई टिकत नाही. चार पोरं नाचली की उडते. बेसचे मोठे डबे जवळ असले तर त्यांचा हादरा टेबलातून सुईत, सुईतून पुन्हा डब्यात, आणि नुसतं घूं सुरू होतं. घरीसुद्धा रात्री रुळावरून मालगाडी गेली की मला ती हेडफोनमध्ये ऐकू येते, गाण्याच्या खाली. ते मला आवडतं. पण हळदीत चालणार नाही.

आणि ऊन. गेल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत आडव्या राहिलेल्या सात रेकॉर्डी वाकल्या. उभ्या ठेवायच्या असतात, मला माहीत होतं. त्या महिन्यात घरात जे चाललं होतं त्यात लक्ष गेलं नाही.

भाचा म्हणतो, "मामा, मोटरवाला घ्या ना, त्याचं चाक खरंच फिरतं." आहेत तसे. रेन वन आहे, २०२० चा, त्याच्या थाळ्या ७.२ इंचांच्या. पायोनियर डीजेचा रेव्ह ७ आहे, ७ इंची. वर छोटी रेकॉर्डच बसवलेली असते, खाली मोटर, हाताला ओढ मिळते. व्हिडिओतल्या माणसाचं मनगट बघूनच मला कळलं की मिळते. पण लाखाच्या वर जातं प्रकरण. यंदाच्या कापसाचे पैसे कशासाठी ठेवलेत ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी विषयच काढला नाही.

एक मधला रस्ताही आहे आणि दोन रात्री मी त्याच्याच नादी लागलो होतो. आपली टर्नटेबलं तशीच ठेवायची, गाण्याच्या जागी टाइमकोडची रेकॉर्ड लावायची. त्या रेकॉर्डवर गाणं नसतंच. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डवर एक हजार हर्ट्झचा एकसारखा सूर असतो, नुसता ऐकला तर शिट्टीसारखा. सुई तो वाचते, लॅपटॉप त्यावरून ओळखतो की थाळी किती वेगानं फिरतेय. डाव्या आणि उजव्या बाजूचा सूर एकमेकांच्या किंचित मागेपुढे ठेवलेला असतो, त्यावरून पुढे फिरतेय की मागे तेही कळतं. मग लॅपटॉपमधलं कुठलंही गाणं, अगदी आमचं आखाजीचंसुद्धा, त्या रेकॉर्डवर कोरल्यासारखं हाताला लागतं. केवढी सुंदर कल्पना आहे! हात तोच, ओढ तीच, गाणी आपली. पण सुई आहे तर उडणार आहे. अंगणाचा प्रश्न तिथेच राहिला. हे घरासाठी करीन, सवडीनं. हळदीसाठी नाही.

म्हणजे फिरून पुन्हा त्या न फिरणाऱ्या चाकापाशीच.

भाच्यानं काल त्याच्या मित्राचा बारका कंट्रोलर आणून दिला, आठवडाभरासाठी. एका हातानं उचलला जातो. लॅपटॉपच्याच केबलवर चालतो, वेगळी वीज लागत नाही. सकाळी ओट्यावर मांडून बसलो. पहिल्यांदा गाणं हाताच्या मागून येतंय असं वाटत होतं. शोधलं, तर सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी साठवायचा तुकडा, ५१२ नमुन्यांवर होता. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबानं त्याचेच जवळपास १२ मिलिसेकंद होतात. १२८ वर आणला, तीनच्या आत आलं. फरक पडला, हाताला लगेच कळला. त्यानं जरा धीर आला. सिंकच्या दोन्ही बटणांवर चिकटपट्टी लावली. वेगाच्या पट्टीची मर्यादा ६ टक्क्यांवर होती, माझ्या यंत्रावर ती ८ टक्क्यांपर्यंत जाते. पुढचा पर्याय १० चा होता, तो घेतला. पण माझ्या पट्टीला मधोमध, शून्यावर, एक खाच आहे. ती बोटाला लागते, हिरवा दिवा लागतो. सतत आपण तिथे बोट नेतोय हे मला आज पहिल्यांदा समजलं.

सगळ्यात जास्त त्रास पडद्याचा झाला. दोन्ही गाण्यांचे ठोके तिथे रंगीत डोंगरासारखे एकाखाली एक सरकतात. डोंगराखाली डोंगर आला की जुळलं. डोळे तिकडे गेले की माझे कान बंदच होतात. शेवटी लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली ओढलं.

माय दाराशी बसून केव्हाची बघत होती. अर्ध्या तासानं विचारलं, "हाई चाक फिरस नही का रे?"

मी म्हटलं, नाही माय, फिरत नाही.

"मंग गानं कसं वाजस?"

काय सांगणार? शनिवारपासून मला जे बोलता येत नव्हतं ते तिनं एका वाक्यात विचारलं. मी हसलो आणि मला भरूनही आलं. सांगितलं, गाणं आतमध्ये आहे, चाक नुसतं हात ठेवायला. तिनं मान हलवली. पटलं असेल असं वाटत नाही.

दुपारी झोप नाही. टेक्निक्सवरचं कापड काढलं, एक रेकॉर्ड लावली, नुसता हात ठेवून बसलो. रेकॉर्ड थांबलेली, खाली थाळी फिरतेय. मला नक्की काय हवंय, हे शोधत होतो. आवाज? आवाज लॅपटॉपचाही चांगला आहे. ताबा? ताबा तर कंट्रोलरवर जास्तच आहे, वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवता येतो. माझ्या रेकॉर्डला वेग द्यावा तर सूर चढतोच. मग काय? मला वाटतं, पलीकडून कुणीतरी ओढत असणं. मी धरलंय हे कुणाला तरी जाणवत असणं. याच्या पुढे आज जाता येत नाही.

आता जे व्हायचं ते रात्री साडेदहाला झालं. उकडत होतं म्हणून सगळं गच्चीवर आणलं होतं. माय खाटेवर. वरातीची दोन गाणी दिवसभर घोटली होती, एकाचा वेग दुसऱ्याला जुळवून ठेवलेला. आणि लाइट गेली.

पूर्वी लाइट गेली की स्पीकर गप्प व्हायचे, पण थाळी लगेच थांबायची नाही. ती आपल्या वजनानं फिरत राहायची आणि सुईतूनच, कान जवळ नेला तर, गाणं ऐकू यायचं. अगदी बारीक, डासाएवढं, हळूहळू खाली उतरत जाणारं. अंधारात मी ते शेवटपर्यंत ऐकायचो. आमच्याकडे लाइट जाण्याला कमी नाही, म्हणून किती गाणी मी अशी उतरताना ऐकली असतील.

आज हेडफोनमधलं गाणं थांबलंच नाही. लॅपटॉप बॅटरीवर, कंट्रोलर त्याच्यावर. खाली सगळी गल्ली काळोखी आणि माझ्या कानात वरात तशीच चाललेली. मायजवळ गेलो. हेडफोनची एक वाटी तिच्या कानाला लावली, दुसरी माझ्या. केबल पुरेना म्हणून कंट्रोलर खाटेवरच ठेवला, आमच्या दोघांच्या मध्ये. तिची बोटं खाटेच्या माच्यावर ठेका धरू लागली. मी तिच्या बोटांकडे बघून दुसरं गाणं सोडलं, हलकेच वर आणलं. किंचित मागे पडत होतं. चाकाच्या कडेला एक बोट लावून जरासं पुढे सरकवलं. बसलं. पहिलं काढून घेतलं.

तिची बोटं चुकली नाहीत. दोन कडवी झाल्यावर म्हणाली, "गानं बदलनं का रे?"

हो माय, म्हटलं, मघाशीच.

लाइट अजून आलेली नाही. हे मोबाइलच्या उजेडात लिहितोय. माय झोपली, वाटी तिच्या उशाशीच आहे, त्यातून बारीक आवाज येतोय. उठून बंद करायला हवं. उद्या दुकानात फोन करून असा लहान कंट्रोलरच बाजूला ठेवायला सांगतो, आणि केबल लांब मिळते का ते विचारायचंय. थोरलीची यादीही पुन्हा मागवायची आहे, तिच्यात मायला येणारं एकही गाणं नाही.