७३ चे शिखर आणि ९१ चा पाहुणा

टेट्रामिथिलसिलेन म्हणजे चार मिथिल (CH₃) गट जोडलेला सिलिकॉनचा अणू. त्याच्या मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने झालेले आयन (विद्युतभारित कण) वस्तुमानानुसार मांडणाऱ्या आलेखात, ८८ वस्तुमानाचा मूळ आयन (अख्ख्या रेणूचा) जेमतेम दिसतो. एक मिथिल गट गमावलेला ७३ चा ट्रायमिथिलसिलिल आयन मात्र सर्वांत उंच असतो. माऱ्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हळूहळू कमी करत नेली की ज्या ऊर्जेला हे शिखर नाहीसे होते, तिच्यात मूळ रेणूची निर्मिती-उष्णता (मूलद्रव्यांपासून तो बनताना होणारा ऊर्जाबदल) मिळवून सुटलेल्या मिथिल मूलकाची वजा करावी, म्हणजे आयनाची निर्मिती-उष्णता हाती येते. कागदावर सोपे आहे. परंतु तापलेल्या तंतूतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा एकसारखी नसल्यामुळे आलेख शून्याला नीट न भिडता शेपटीसारखा लांबत जातो, आणि ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक म्हणजे मोलमागे जवळजवळ १० किलोज्यूल! शिवाय मूळ रेणूच्या निर्मिती-उष्णतेचा जुना आकडाही पुष्कळदा डळमळीत, कारण ज्वलन-कॅलरीमापकात (पदार्थ जाळून उष्णता मोजणाऱ्या उपकरणात) जळताना बनणारा सिलिकाचा थर अर्धवट जळालेला भाग आत कोंडून ठेवतो.

माझी खरी फजिती झाली ती आयन-सापळ्यात, म्हणजे आयन काही काळ अडकवून ठेवणाऱ्या उपकरणात. ९१ चे शिखर मी दोन दिवस नमुन्यातली अशुद्धी समजत होतो. निघाले ते उपकरणातल्या ओलाव्याचे पाणी, ७३ ला चिकटलेले. तेव्हापासून नमुना सोडण्याआधी मी नळ्या रात्रभर तापवून घेतो.